गणपतीहून आल्यापासून मिंट चालू होईना, काळ्या स्क्रीनवर इनिटरामएफएस लिहून थांबतंय (घणसोली)

घणसोली_डीटीपी

नमस्कार मंडळी, जाम अडकलेय, कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा. मी घरूनच डीटीपी आणि टायपिंगची कामं करते, सोसायट्यांच्या नोटिसा, वार्षिक अहवाल, वास्तुशांतीच्या पत्रिका वगैरे. मशीन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड ब्रँडेड डेस्कटॉप, आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची ती पट्टीसारखी एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट २१.३ आणि बाकी काहीच नाही, विंडोज तर अजिबातच नाही. घेतला तेव्हा भाच्याने मिंट टाकून दिलं, तो आता पुण्याला असतो आणि फोन केला की "बघतो मावशी" म्हणतो, त्यापुढे काही होत नाही.

एवढी वर्षं एक तक्रार नव्हती. गणपतीला गावी गेलो तेव्हा घराचा मेन स्विच बंद करून गेलो होतो, शेजारच्यांचं वायरिंग जळालं तेव्हापासून ह्यांचा तो नियमच आहे. परत येऊन चालू केला तर आधी कंपनीचा लोगो, मग मिंटचा लोगो, तो बराच वेळ नुसता तसाच, आणि मग काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, सगळ्यात खाली कंसात इनिटरामएफएस आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. एक्झिट टाइप केलं तर थोडं काहीतरी सरकतं आणि परत तिथेच.

खालच्या हार्डवेअरवाल्याने येऊन पेनड्राइव्हवरून काहीतरी चालू केलं आणि म्हणाला डिस्कच दिसत नाहीये, एसएसडी उडाली, नवीन टाकावी लागेल, जुना डेटा हवा असेल तर रिकव्हरीला पाठवू, त्याचे पैसे वेगळे. आता त्यात तीन सोसायट्यांचे अहवाल आहेत हो, एजीएम ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि नोटीस त्याच्या १४ दिवस आधी निघायला हवी, सेक्रेटरी लोक रोज फोन करतायत. खरंच उडाली असेल का? चालू मशीन बंद करून गेलो आणि आपोआप उडाली, असं होतं?

ट्रान्सहार्बर

ताई फॉरमॅट मारा, नवीन मिंट टाका, अर्ध्या तासाचं काम, मी तर दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत टाकतो 😄

घणसोली_डीटीपी

दादा डेटा आहे त्यात, वर लिहिलंय की.

तलावपाळी_लिनक्स

हा अगदी नेहमीचा प्रॉब्लेम आहे, घाबरू नका. लाइट गेली किंवा मशीन धाडकन बंद झालं की फाइल सिस्टीम खराब होते आणि मिंट त्या इनिटरामएफएसवर (मुख्य डिस्क जोडण्याआधीची तात्पुरती छोटी सिस्टीम) येऊन थांबतं. तिथेच एफ-एस-सी-के (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) टाइप करा, स्पेस, डॅश वाय, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एस-डी-ए-वन, एंटर. भराभरा ओळी येतील, संपल्या की रीबूट. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात पावसाळ्यात लाइट गेली की हेच करतो, दर वेळी चालतं.

घणसोली_डीटीपी

केलं. एसडीए१ अशी फाइल किंवा डिरेक्टरीच नाही असं काहीतरी इंग्रजीत म्हणतंय. एसडीए२ पण करून बघितलं, तेच. म्हणजे तो माणूस म्हणाला तेच खरं का?

पारसिक_बोगदा

थांबा जरा ताई, एसएसडी उडाली असं इतक्यात धरून चालू नका. अजून काही फॉरमॅट किंवा रिपेअर करू नका.

आधी एक गोष्ट बघा. कंसात इनिटरामएफएस येतं त्याच्या वर पाच-सहा ओळी असतात, कोणीच वाचत नाही त्या, सगळे थेट खालच्या कर्सरकडे बघतात. त्या ओळी इथे जशाच्या तशा लिहा किंवा फोटो टाका. मुख्य म्हणजे दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा. तिथे "अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली" असं असेल तर डिस्क सापडलीय पण तिच्यावरची फाइल सिस्टीम बिघडलीय, आणि मग तलावपाळींचा उपाय बरोबर, फक्त डिस्कचं नाव नीट घालायला हवं. पण जर "गेव्ह अप वेटिंग फॉर रूट" आणि त्याखाली "अलर्ट, यूयूआयडी अमुकतमुक डझ नॉट एक्झिस्ट, ड्रॉपिंग टू अ शेल" असं असेल (यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळख नंबर) तर लिनक्सला डिस्क सापडलेलीच नाही, मग फसक, म्हणजे तेच एफएससीके, चालवणार तरी कशावर.

दुसरं, पट्टीसारखी एसएसडी म्हणताय म्हणजे बहुतेक एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीची एसएसडी), तिचं नाव एसडीए नसतंच, एनव्हीएमई-झिरो-एन-वन असं असतं, पार्टिशन म्हटलं की त्याच्यापुढे पी-वन, पी-टू. त्यामुळे एसडीए१ सापडलं नाही यावरून डिस्क गेली असा अर्थ काढू नका.

तिसरं, त्याच काळ्या स्क्रीनवर बी-एल-के-आय-डी (सापडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) टाइप करून एंटर मारा आणि काय येतं सांगा. आणि अगदी सुरुवातीला, कंपनीच्या लोगोच्या आधी किंवा नंतर, काही मेसेज येऊन गेला का? घाईघाईत एखादी की दाबून पुढे गेला असाल तर तेही लिहा. (मोबाइलवरून मराठी कीबोर्डवर लिहितोय म्हणून कमांडचं असं स्पेलिंग, सांभाळून घ्या.)

तलावपाळी_लिनक्स

एनव्हीएमईचं मान्य, ते डोक्यात आलं नाही कारण आमची सगळी जुनी साटा (डिस्क जोडायची आधीची पद्धत) मशीन आहेत. पण लाइटवाली केस दहापैकी नऊ वेळा फसकचीच असते.

पारसिक_बोगदा

लाइट अचानक गेली तर हो. यांनी पीसी नीट शटडाउन करून मग मेन बंद केला असेल तर फाइल सिस्टीमला काय झालं असणार? आणि ईएक्सटी४ ला (मिंटची नेहमीची फाइल सिस्टीम) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, साधी लाइट गेली तर पुढच्या वेळी जर्नल वाचून ती बहुतेकदा स्वतःच सावरते, मॅन्युअली करायची वेळ आली की मी तरी आधी डिस्कवर संशय घेतो. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून हो. डिस्क मरायला टेकलेली असेल आणि तिच्यावर तसं चालवलं तर उरलेलंही लॉस्ट प्लस फाउंडमध्ये नंबरांच्या नावाने जाऊन पडतं, मग बसा शोधत कुठली फाइल कोणाच्या सोसायटीची. आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग रिपेअर. आणि चालू, माउंट असलेल्या पार्टिशनवर तर कधीच नाही.

घणसोली_डीटीपी

तुम्ही म्हणता तो दुसरा प्रकार आहे. गेव्ह अप वेटिंग आहे, मग बूट आर्ग्स, रूट डिले, मिसिंग मॉड्यूल्स असं काय काय, आणि अलर्ट यूयूआयडी मोठा नंबर डझ नॉट एक्झिस्ट. बीएलकेआयडी केलं तर काहीच येत नाही, नुसती रिकामी ओळ आणि परत कर्सर. पीसी नीट शटडाउन केला होता, हो.

आणि सुरुवातीला एक मेसेज येतो हो, मी लिहायचं राहून गेलं कारण मला वाटलं त्याचा काही संबंध नसेल. "टाइम ऑफ डे नॉट सेट, प्लीज रन सेटअप" असं काहीतरी, आणि खाली एफ१ दाबलं की पुढे, एफ२ दाबलं की सेटअप. मी एफ१ दाबते.

पारसिक_बोगदा

मग नव्वद टक्के सापडलं.

मदरबोर्डवर एक गोल बटण सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना बायोसचं (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) घड्याळ तो चालवतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये बायोसची सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही मदरबोर्डला थोडी स्टँडबाय वीज मिळत राहते, त्यामुळे सेल मेलाय हे वर्षानुवर्षं कळतच नाही. तुम्ही मेन बंद करून गावी गेलात, स्टँडबाय गेली, सेल आधीच संपलेला, बायोस सगळं विसरून फॅक्टरी सेटिंगवर आलं. म्हणून टाइम ऑफ डे नॉट सेट.

आता डिस्क का दिसत नाही ते. त्या काळातल्या इंटेलच्या ब्रँडेड मशीनमध्ये साटा ऑपरेशन नावाचं सेटिंग असतं, फॅक्टरीतून येताना ते बऱ्याचदा "रेड ऑन" असतं, म्हणजे इंटेलचं रॅपिड स्टोरेज. त्या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या मागे लपवली जाते, रीमॅप म्हणतात त्याला, आणि त्या रीमॅपचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्सचा गाभा) घेतलेला नाही. तुमच्या भाच्याने मिंट टाकताना ते एएचसीआय (साधा मोड, ज्यात डिस्क लपवली जात नाही) करून घेतलं असणार, नाहीतर मिंट टाकताच आलं नसतं. आता ते परत रेड ऑनवर गेलंय.

मिंटचा लोगो येतो ना, त्यावरच कळतं की डिस्क जिवंत आहे. ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), कर्नेल आणि तो लोगो हे सगळं त्याच डिस्कवरून वाचलं जातं, फक्त तेवढं वाचायला बायोस मदत करतं आणि बायोसला आपला रेड मोड कळतो. पुढे कर्नेल स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायला जातो तेव्हा गाडी अडते. वॉचमनने लिफ्टपर्यंत सोडलं आणि वर गेलात तर फ्लॅटच्या दारासमोर भिंत बांधलेली, असा प्रकार.

हार्डवेअरवाल्याला पेनड्राइव्हवरून डिस्क दिसली नाही ती पण याचमुळे, पेनड्राइव्हवर लिनक्स असेल तर त्यालाही तीच भिंत. तो खोटं बोलला असं नाही, पण डिस्क दिसत नाही आणि डिस्क मेली यात फरक आहे, आणि मेलेल्या डिस्कवरून मिंटचा लोगो आला कसा हे त्याने विचारायला हवं होतं.

खात्री करायचीय? इनिटरामएफएसवरच डी-एम-ई-एस-जी, स्पेस, उभी रेघ, स्पेस, जी-आर-ई-पी, स्पेस, आर-ई-एम-ए-पी, एंटर. "फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइसेस" असं आलं की झालं. याच्या पुढच्याच ओळीत कर्नेल चक्क इलाज पण सांगतो, स्विच युअर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड, पण ती ओळ लोगोच्या मागे असते त्यामुळे दिसत नाही.

ट्रान्सहार्बर

कर्नेल स्वतः सांगतो आणि आपण फॉरमॅट मारतो, वा 😂

पामबीच_रात्री

मध्येच विचारतो, माझ्याकडे बारावी जनरेशनचा लॅपटॉप आहे त्यालाही असं होईल का?

पारसिक_बोगदा

अकरावीपासून पुढे इंटेलने व्हीएमडी नावाचा वेगळा प्रकार आणला, त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे. डिस्ट्रो फार जुनी नसेल तर डिस्क दिसते.

घणसोली_डीटीपी

आलं!! फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइसेस, अगदी तसंच. आता एफ२ दाबून आत जाऊ का? भीती वाटतेय, काही चुकीचं दाबलं तर डेटा जाईल का?

पारसिक_बोगदा

जा बिनधास्त. एफ२, मग सिस्टीम कॉन्फिगरेशन, त्यात साटा ऑपरेशन, तिथे डिसेबल्ड, एएचसीआय, रेड ऑन असे पर्याय दिसतील, एएचसीआय निवडा. "बदलल्यास ऑपरेटिंग सिस्टीम चालू होणार नाही" अशी धमकी देईल, ती विंडोजवाल्यांसाठी आहे, यस करा. तुमच्याकडे विंडोज नाही म्हणून इतकं सरळ सांगतोय. ज्यांच्याकडे त्याच डिस्कवर रेड मोडमध्ये टाकलेलं विंडोज असेल त्यांनी हे वाचून तडक बदलू नका, निळी स्क्रीन येईल, आधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून मग बायोसमध्ये बदलायचं असतं.

या सेटिंगने डिस्कवरचा एक बाइटही बदलत नाही. फक्त दोन ठिकाणी हात लावू नका, डेटा वाइप किंवा इरेज असं लिहिलेलं काहीही, आणि रेडचं व्हॉल्यूम तयार करण्याची जी वेगळी स्क्रीन असते ती. तारीख-वेळ पण तिथेच घाला. अप्लाय, एक्झिट.

आणि सेल बदलेपर्यंत मेन बंद करू नका, नाहीतर पुन्हा हेच सगळं.

घणसोली_डीटीपी

झालं झालं झालं. डेस्कटॉप आला, सगळ्या फाइल जागेवर, इंकस्केप उघडून अहवालाचं कव्हर पण बघितलं. काय बोलू कळत नाहीये, खूप खूप आभार दादा. ह्यांना म्हटलं तुमच्या मेन स्विचने केलं हे सगळं, तर म्हणतात घर जळण्यापेक्षा बरं.

एकच शंका, मी बायोसमध्ये बरोबर वेळ घातली, मोबाइल बघून, तरी मिंटमध्ये घड्याळ चालू झाल्यावर पुढे दाखवत होतं, दुपारी साडेतीनला रात्रीचे नऊ. मग थोड्या वेळाने आपोआप बरोबर झालं. हे काय?

तलावपाळी_लिनक्स

याचं मी सांगतो, माझंही काहीतरी कामाला येऊ दे. मिंट बायोसमधलं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही बायोसमध्ये आपली वेळ घातली, मिंटने त्यात अजून साडेपाच तास मिळवले. नेट चालू झाल्यावर टाइम सर्व्हरवरून बरोबर वेळ आली. उलट, घड्याळ मागेच राहिलं असतं तर अपडेट करताना "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" म्हणून अडलं असतं आणि ब्राउझरने प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची कटकट केली असती. बरेच लोक तेव्हा इंटरनेटवाल्याला फोन करतात.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळेल. बदलताना प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कडेची क्लिप बाजूला केली की जुना वर येतो, नवीन टाकताना प्लस असलेली सपाट बाजू वर. बदलल्यावर सेटिंग परत एकदा बघा.

पारसिक_बोगदा

+१. ताई, आता चालू आहे तोवर अहवाल पेनड्राइव्हवर घ्या, आणि बायोसच्या त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवून ठेवा.

कोपरी_पूर्व

नमस्कार, धागा पळवतोय त्याबद्दल सॉरी पण माझंही बूटचंच आहे. डेबियन, जुना पीसी. आतली १ टीबीची हार्डडिस्क आवाज करायला लागली म्हणून काढून टाकली, त्यावर फक्त सिनेमे आणि बॅकअप होता, सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर. आता बूट करताना "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणून लाल चांदण्या इकडून तिकडे फिरतात, पुढे १ मिनिट ३० सेकंद मोजतं आणि मग इमर्जन्सी मोड. एसएसडीची केबल हलली असेल का?

पारसिक_बोगदा

केबल हलली असती तर इमर्जन्सी मोडपर्यंतही पोचला नसतात. काढलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) राहिलीय, सिस्टीमडी (बूट होताना सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) तिची ९० सेकंद वाट बघतं आणि ती आली नाही म्हणून पुढे जायला नकार देतं. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, नॅनोने ईटीसीमधली एफएसटॅब उघडा, त्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका, सेव्ह, रीबूट. सेव्ह करताना रीड ओन्ली म्हणालं तर आधी रूट रीमाउंट करावं लागेल, माउंट, डॅश ओ, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, आणि स्लॅश. नेमकी कुठली ओळ ते कळलं नाही तर चांदण्यांच्या ओळीत यूयूआयडी दिसतो तो जुळवून बघा. रूट स्लॅशच्या ओळीला मात्र हात लावू नका.

कोपरी_पूर्व

हॅश टाकला, आलं चालू. आता नवीन डिस्क घेतोय, तिच्यासाठी नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून) वापरा असं कुठेतरी वाचलं, ते कुठे लिहायचं? शेवटी?

पारसिक_बोगदा

नाही, शेवटी ते दोन आकडे असतात ना, त्यांच्या आधी, चौथ्या कॉलममध्ये, जिथे डिफॉल्ट्स लिहिलेलं असतं तिथे. डिफॉल्ट्स, मग कॉमा, मग नोफेल, सगळं सलग. कॉमानंतर आपल्या सवयीने स्पेस देऊ नका, स्पेस पडली की तो नोफेलला पाचवा कॉलम समजतो.